कायमचं बसवा

तीन नंबरच्या संगणकाची डिस्क गेल्या हिवाळ्यात मेली.
दोन दिवस आतल्या आत खडखडली,
मग गप्प.
भंगारवाला बारा लारी द्यायला तयार होता,
मी पंधरावर अडून बसलो होतो.
तेवढ्यात दारेजान आली.

गळ्यात बुटाची नाडी,
नाडीला अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह.
"मागचं निळं भोक चालतं ना?" एवढंच विचारलं,
आणि एफ-बाराच्या बटणावर बोट आपटत राहिली,
आतून कुणी हूं म्हणेपर्यंत कडी वाजवावी तशी.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या.
माझ्या मेलेल्या डिस्कला कुणी काही विचारलं नाही.
दीड मिनिटात चूल मांडून झाली:
तिची अक्षरं, तिची गाणी, शिवणकामाचे हिशेब,
सगळ्यामागे एका लाकडी जिन्याचा फोटो,
वरच्या पायरीवर कुणाची तरी एकच चप्पल.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
हिचं गळ्यात, सोळा जीबीचं.

यंत्रातली घड्याळाची बॅटरीही संपलेली,
त्यामुळे ते दर वेळी एक जानेवारी दोन हजार नऊला जागं होतं.
ती आधी तारीख सुधारते,
मग कोट काढते.

त्स्खाल्तुबोत माझं झेरॉक्सचं दुकान आहे,
चार संगणक, शाई गाळणारा एक प्रिंटर.
टेकडीवरच्या सॅनेटोरियममधून येतात माझी निम्मी गिऱ्हाइकं.
तिथल्या संगमरवरी खांबांना दोऱ्या बांधून
माणसांनी तीस हिवाळे कपडे वाळवले.
दारेजानचे आईवडील समुद्राकाठच्या सुखुमीहून निघाले
ते दोन आठवड्यांसाठी.
ती जन्मली खोली नंबर दोनशे सातमध्ये,
तात्पुरती.

तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चिन्ह असायचं,
खाली वळलेला बाण, आणि शब्द: 'कायमचं बसवा'.
एकदा न राहवून म्हटलं,
कपाटात एक जुनी डिस्क पडलीय, धडधाकट,
लाव ह्या यंत्रात आणि टाक बसवून एकदाचं.
रोज गळ्यात घेऊन काय हिंडतेस?

मान न वळवता म्हणाली,
"बसवलं की उठणं होत नाही."
थोडं टाइप केलं, मग म्हणाली,
"बाबांच्या पलंगाखाली अजून तीच बॅग आहे.
दर मे महिन्यात ते तिला ऊन दाखवतात, परत भरतात.
त्यातला कोट आता त्यांना बसत नाही."

फेब्रुवारीत भर कामात वीज गेली.
पेनड्राइव्ह हातात घेतला तर गरम,
तापातल्या पोराच्या कानासारखा.
दुसऱ्या दिवशी लावला, तर जिना नव्हता.
काही फायली तुकड्यांनी सापडल्या,
काहींची नुसती नावं.
मी म्हटलं, न सांगता उपटलं की असंच होतं.
"हो," ती म्हणाली, "आमच्याकडेही तसंच झालं."
मी उगाच प्रिंटरचं झाकण उघडलं.

काल सरकारी पत्र छापायला आली.
सॅनेटोरियमचं हॉटेल होणार,
हिला फ्लॅट: चौथा मजला, अठ्ठेचाळीस चौरस मीटर.
"बाबा विचारतायत, ह्यात 'तात्पुरतं' कुठे लिहिलंय का."
मी चष्मा लावून दोनदा वाचलं.
नव्हतं.

कागद गरमच होता, तिने घडी घातली.
पडद्यावरचा बाण सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेला
आणि थांबला.
मी टोनरशी झटापट करत राहिलो,
टोनरला काहीही झालेलं नव्हतं.

मग तिने नीट सगळं बंद केलं,
'आता काढायला हरकत नाही' अशी ओळ येईपर्यंत थांबली,
नाडी गळ्यात घातली.
दारापाशी वळून म्हणाली,
"ती कपाटातली डिस्क. केवढ्याला?"

पंधरा लारी, मी म्हटलं.
बारा दिले तिने.

कुठल्या यंत्रात जाणार, मी विचारलं नाही.