काजळी

गॅरेजात दिवा लागला की समजायचं,
जेवण आता थंड होणार.

तायस्तो केम्प्पाइनेन, वय एकाहत्तर.
छत्तीस वर्षं कुह्मोच्या जंगलवाटांवर टपाल वाटलं,
एकही पत्र चुकीच्या पेटीत नाही.
निवृत्त झाल्यावर लोक तळ्यावर गळ टाकून बसतात.
यानं रायफलीची एक जुनी नळी विकत घेतली,
आक्रोडाचा एक ठोकळा,
आणि मला म्हणाला, एक हिवाळा पुरे.

हा अकरावा.

लोखंड लाकडात कसं बसवतात, मी दारातून पाहिलंय.
दिव्यावर धरायचं, काजळी चढू द्यायची,
मग खाचेत अलगद दाबून उचलायचं.
लाकडावर जिथे काळं उमटेल
तिथे लागतंय.
तेवढंच खरवडायचं, सूतभरही जास्त नाही.
पुन्हा दिवा, पुन्हा दाब, पुन्हा पटाशीखाली
कांद्याच्या सालीएवढी ढलपी.
"ठोकून बसवलं तरी बसतं," तो म्हणे,
"पण हवा दमट झाली की खोटं बोलायला लागतं."

लग्नाबद्दल बोलत होता असं नाही.
लग्नाबद्दल तो कधीच बोलला नाही.
पण पहिली दहा वर्षं आम्ही एकमेकांना कुठे कुठे लागलो,
त्याच्या आईच्या किटलीवरून,
माझ्या गुरुवारच्या तालमींवरून,
ते काळे डाग मला अजून पाठ आहेत.
आणि खरवडणंही. दोन्ही बाजूंनी.

चाप त्याला हवा होता काच तडकावी तसा:
आधी काहीच नाही, मग एकदम.
काट्यावर मोजायचा, वहीत टिपायचा,
गुंजभर जड, गुंजभर हलका,
तारीख, तापमान, कोणतं तेल.
माझा वाढदिवस त्या वहीत तीनदा आलाय.
तिन्ही वेळा शेरा एकच: अजून घासतोय.

ऑक्टोबरात गावची टोळी एल्कच्या मागावर निघते.
एका पहाटे साठ पावलांवर
उभाच राहिला एक, शिंगांवर दहिवर घेऊन.
यानं झाडली नाही.
घरी येऊन म्हणाला, चाप अजून घासतोय.
शेजारचा ओइवा आठवडाभर हसला.
मला हसायला वेळ नव्हता, फ्रीजर रिकामा होता.

मग हात कापू लागला.
आधी चमच्यात, मग सहीत.
डॉक्टरबाईंनी कागद भरला, कायदाच तसा.
पोलीस आला, पोरगेलासा, बूट दारात काढून,
कॉफी घेतली, दुसरा बनही घेतला,
आणि खाली मान घालून पोलादी कपाटाची किल्ली मागितली.
नळी सोडवून घेताना लाकडाकडे बघत राहिला.
"हे तुम्ही केलंत?"
"अजून झालं नाही," तायस्तो म्हणाला.

दस्ता घरीच राहिला. नुसत्या लाकडाला परवाना लागत नाही.
भिंतीला टेकून उभा, मधोमध रिकामी खाच,
इतकी तंतोतंत
की बोट फिरवलं तर नसलेलं लोखंड
हाताला गार लागतं.

तीन आठवडे गॅरेजात अंधार.
जेवण वेळेवर, गरम,
आणि दोघांच्याही घशाखाली उतरेना.

जानेवारीत एका सकाळी माझी पावाची सुरी सापडेना.
सगळे खण उपसले. मग खिडकीतून दिसला
बर्फावर पडलेला पिवळा चौकोन.
दारातून पाहिलं:
सुरीची जुनी मूठ उखडून टाकलेली,
बर्चच्या नव्या तुकड्यात कोरलेली चीर,
आणि पातं दिव्यावर, थरथरत.
काळं आता कुठेही उमटतं,
नाकावर, बाहीवर, चष्म्याच्या काडीवर,
हवं तिथे सोडून सगळीकडे.
"ईस्टरपर्यंत होईल?"
वर न बघता म्हणाला,
"घाई केली तर बसायची नाही."

ईस्टर होऊन गेला. तळ्यावरचा बर्फ फुटला.
राईचा पाव आम्ही हातानं तोडतो.