भागिले पाच

परभणीच्या मैदानावर चुन्याच्या रेषा पुसट झाल्यात.
मी गुणलेखक, मांडीवर वही:
तहसीन. चार, सहा, एकतीस, शून्य, चार.
बेरीज पंचेचाळीस, भागिले पाच,
सरासरी नऊ.

निवड समितीचे सर म्हणाले, नऊ? ठीकठाक.

पण नऊ तिनं एकदाही केले नाहीत.
जिंतूरविरुद्ध एकतीस केले, तेव्हा रिंगला जाळी नव्हती,
बॉल आतून गेला की बाहेरून, यावर प्रत्येक वेळी भांडण,
आणि ही तोवर बचावाला परत पोचलेली.

शून्याच्या दिवशी बाकावरच होती,
घोटा सुजलेला, सगळ्यांच्या बाटल्या भरत.
मग भागायचं पाचानं की चारानं?

चारानं सव्वा अकरा येतात.
मी खोडरबर शोधू लागलो.
"राहू द्या की सर," ती म्हणाली,
"आल्ते ना मी."