दोन घरांचं अंतर

मार्लिस हॉगन आज तिसऱ्या पातळीला पोचली,
म्हणजे आता तिला वसा घ्यावा लागणार.
पहिल्या दोन पातळ्या ढाल आणि बरा स्वभाव यांवर निभतात,
पुढे निभत नाहीत. हे मी नाही, नियम सांगतात.

डुलुथ. फेब्रुवारी. उणे सव्वीस.
डेल्बर्टच्या तळघरात भट्टी घरघरते आहे,
वर अंगणात त्याचा बर्फ ओढायचा ट्रक चालूच,
बंद केला तर सकाळी उठायचा नाही म्हणतो.
टेबलावर फासे, चीजचे तुकडे,
आणि सांडलेल्या कोलात भिजून फुगलेला
माझा निम्मा नकाशा: एक दलदल, एक पूल.

पुस्तक तिच्यासमोर उघडं.
भक्तीचा वसा: जिभेवर खोटं येऊ द्यायचं नाही.
वनराईचा वसा: उजेड विझू द्यायचा नाही,
आधी स्वतःच्या आतला.
सूडाचा वसा: ज्यानं केलं त्याला सोडायचं नाही.

"सूड घे, आजी," टॉर्स्टन म्हणतो. वय चौदा.
"एका शत्रूवर बोट ठेवायचं,
मग त्याच्यावर फासा दोनदा टाकता येतो, मोठा आकडा आपला."
पोराचं बरोबर आहे. हिशेबात सूडाला तोड नाही.

मार्लिस चष्मा कपाळावर सरकवते.
एकोणतीस वर्षं रात्रपाळीची नर्स,
त्या मजल्यावर, जिथून माणसं घरी जात नाहीत.
"भक्तीचा मला झेपायचा नाही," ती म्हणते.
"म्हाताऱ्या कोस्कीला मी सांगितलं होतं,
तुमचा मुलगा निघालाय, रस्त्यात बर्फ आहे.
बर्फ होता.
मुलगा निघालाच नव्हता."

डेल्बर्टनं उगाच फासा भिरकावला.
वीस पडले. वाया गेले.

"आणि सूडाचा?" मी विचारलं, आणि जीभ चावली.
हायवे एकसष्टवर टॉर्स्टनच्या आईला उडवून
कुणीतरी थांबलंच नव्हतं, त्याला दुसरा हिवाळा चाललाय.
त्यानंतर पोरगा इथे यायला लागला.
आजी सोडायला यायची, गाडीत बसून विणायची,
मग थंडी फार म्हणून आत,
मग एके दिवशी तिनंच फासा उचलला.

"सूडाला पत्ता लागतो," मार्लिस म्हणाली.
"आपल्याकडे आहे फक्त लाल काचेचा एक तुकडा."
टॉर्स्टननं मान वर केली नाही.
तो आपल्या चोराच्या बाहुलीचा रंग नखानं खरवडत होता.

ती पानं पुढे उलटत गेली. बोट एका ओळीवर थांबलं.
"हे काय? सहाव्या पातळीला,
दहा फुटांत उभा असेल त्याला
हिच्या असण्यानंच बळ मिळतं?
कुठला वसा घेतल्यावर?"
"कुठलाही," मी म्हणालो. "ते सगळ्यांना मिळतं."
"म्हणजे जवळ उभं राहिलं की झालं."
"जवळ, आणि शुद्धीवर."
ती हसली. "तेवढं मला येतं."

मला वाटलं, आता ती वनराई घेणार.
मी मनात एक ओकवृक्षही उभा केला, बोलणारा.
पण तिनं टॉर्स्टनच्या हातातली पेन्सिल काढून घेतली
आणि रकान्यात लिहिलं: सूड.
"तुझा मी घेतला," ती त्याला म्हणाली.
"आता दोघांनी वाहायची गरज नाही."

"मोडला तर काय होतं?" तिनं मला विचारलं.
त्याचं एक पान आहे, काळं, माझ्याकडच्या पुस्तकात.
"माहीत नाही," मी म्हणालो.
एकोणतीस वर्षांच्या नर्सला खोटं लगेच कळतं.
तिनं खोडरबर जवळ ओढून ठेवलं, इतकंच.

मग आम्ही पुलावर आलो. खाली काहीतरी हलत होतं.
टॉर्स्टननं चोर पुढे सरकवला, एकटाच, नेहमीसारखा.
थांबला.
परत थोडा मागे घेतला.
नकाशावर एक घर म्हणजे पाच फूट.
मी न दाखवता मोजलं.
दोन घरं.

"डेल्बर्ट," मी म्हणालो, "पाळी तुझी."