निम्मे

मारिसेल म्हणाली, उभ्या घराला वीस टक्के,
आणि जे अजून उभंच नाही, त्याला निम्मे.
मी पुन्हा विचारलं.
तिनं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.

काचेखाली आमची इमारत, वीतभर.
अकराव्या मजल्यावर प्लास्टिकची एक बाई,
हात कठड्यावर.
विनया तिच्याकडेच बघत राहिली.

मग जेबेल अलीच्या पुढे टॅक्सी थांबवून
जागा पाहिली: पत्र्याचं कुंपण, एक क्रेन.
विनयानं मान वर करून
हवेत मजले मोजले.
"ते बघ, स्वयंपाकघर."
तिथून एक कबूतर आरपार गेलं.

व्हिसा दोन वर्षांचा, हप्ते पंचवीस.

खोलीवर आल्यावर
मी चपलांतली वाळू झटकायला गेलो,
तर म्हणाली, राहू दे,
तेवढी तरी ताब्यात आली.