पिवळ्या तापाची लस

बॅग मऊ हवी, पंधरा किलोच.
निळं काही नको, माश्या येतात म्हणे निळ्यावर.
माझं निम्मं कपाट निळं.
मेहुण्याचा खाकी शर्ट आणलाय, खांद्यात उसवलेला.

कराडच्या एजन्सीतला मुलगा म्हणाला,
"काका, सिंह दिसेलच असं नाही."
मग पैसे कशाचे, हे विचारायचं राहिलं.
"गवत मात्र दिसेल. भरपूर."

गवताचं मला सांगू नका.
एकोणीस वर्षं कारखान्याचा स्लिपबॉय,
शेणोलीच्या फडात टोळ्यांच्या चिठ्ठ्या फाडल्या.
एकदा शेवटची सरी उरली
आणि जनाक्कानं कोयता खाली ठेवला, हळूच,
झोपलेल्या पोराशेजारी काही ठेवावं तसा.
दोन बछडी. डोळे नुकते उघडलेले.
त्यांची आई कुठून बघत होती
ते कुणालाच दिसलं नाही.
सगळ्यांच्या मानेला मात्र कळलं.

परवा नैरोबीचं विमान. दंड अजून ठणकतोय.
जनाक्काला फोन केला, बीडला.
म्हणाली, "तिकडं ऊस नाही ना?
मग दिसंल की."
आणि थोडं थांबून,
"दिसला तर गप राहा, भाऊ.
त्यानं आपल्याला आधीच बघितलेलं असतंय."