केसपेपर

अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर वक्र काढतो.
किंमत उतरली की मागणी चढते.
पोरं उतरवून घेतात, परीक्षेला येतंच.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात
मंगळवारी न् शुक्रवारी धुरपतामावशी
डावा हात पदराखाली झाकून मशीनची वाट बघते.
चार तास. फुकट.
तीन वर्षांत एकदाही तिनं
पाचवा तास मागितला नाही.

खिडकीतला मुनीर केसपेपरवर शिक्का मारतो,
शाई वाळली की पॅडवर थेंबभर पाणी टाकून.
इंजेक्शन शिल्लक नाही. चिठ्ठी मिळते: बाहेरून आणा.
बाहेर म्हणजे रस्त्यापलीकडं
एकाला एक लागून अकरा मेडिकल.
पूर्ण स्पर्धा. भाव एकच, छापील.

काल पहिल्या बाकावरून प्रश्न आला,
"सर, फुकट दिलं की माणूस आळशी होतो ना?"
मी दोन्ही बाजू सांगितल्या,
बाजूला तीन-तीन मुद्दे, पुस्तकात आहेत तसे.

सांगायचं राहिलं ते हे:
शेवटची दहा मिनिटं उरली की मावशी म्हणते,
"काढा की आता सिस्टर,
ती गंगाखेडची लेकुरवाळी कवाची बसलीय भाईर."

ही दहा मिनिटं
मागणीत धरायची का पुरवठ्यात,
खडू हातात घेऊन उभा होतो,
तेवढ्यात तास संपला.