फोन इंजिनापाशी धर

रात्रीचे साडेदहा. हनुमाननगरातली हवा
अजून तव्यावरून उतरलेली नाही.
बॉनेटच्या दांड्याला टांगलेला बल्ब, बल्बाभोवती पाखरं,
माझ्या ओढणीवर ऑइलचा डाग, जो आता जाणारच नाही.

पाचव्या वेतन आयोगाच्या थकबाकीतून घेतली ही पद्मिनी,
तेव्हाही ती कुणाकडून तरी वापरून आलेली.
कळमेश्वरच्या शाळेपर्यंत रोज गेली, आली.
आता उड्डाणपुलाच्या चढावर धाप लागते तिला,
मागचे हॉर्न मला नावानिशी ओळखतात.

वर्कशॉपचा पोरगा म्हणाला, मॅडम, भंगारात द्या.
डोमाजी निनावे म्हणाले, डिस्ट्रिब्युटर काढ, घरीच काढ.
फोनवर म्हणाले. गोळीबार चौकातलं गॅरेज विकून
ते आता उमरेडला, लेकीकडे.
गुडघे गेले. कान शाबूत.
"काढाच्या आधी निशाणी कर बाई, नाही तं रडशीन."

केली. नेलपॉलिशने केली, लाल,
एक रेघ त्याच्या बुडाला, एक ब्लॉकला,
रोटरचं तोंड कुठे, तेही कागदावर काढलं.
टोपीच्या वायरींना वेगवेगळ्या चिंध्या बांधल्या,
क्लँपचा बोल्ट सैल केला,
आणि ओल्या वाफ्यातून मुळा उपटावा
तसा तो हातात आला.

पॉइंट घासून होतायत तोवर
केतकीने, माझ्या भाचीने, चावी फिरवली.
"बघत होते," म्हणाली.
इंजिन दोनदा कण्हलं
आणि माझ्या लाल रेघा नुसत्या रेघा झाल्या.

डोमाजींनी शिवी दिली, पण चावीला.
"चारी प्लग काढ. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेव."
केतकी मागून गाडी ढकलतेय, चौथ्या गियरात,
शिक्षा म्हणून, इंच इंच,
आणि माझ्या अंगठ्याखाली
काहीच नाही,
काहीच नाही,
मग फुस्स,
बाळाने फुगवलेले गाल सोडावेत तसा वारा.
"तिथंच. आता पुलीची खूण पाय."
तीस वर्षं मी पोरांना दाब शिकवला
फळ्यावर, बाण काढून.

रोटर एक नंबरकडे तोंड करून बसवला.
टेस्टरचा दिवा लावला, पॉइंट उघडतो
त्या क्षणी पेटणारा; पेटला, विझला, पुन्हा पेटला.
प्लग परत लावले. चावी, या वेळी मी.
तिसऱ्यांदा धरलं तिने.
"बोल्ट ढिलाच राहू दे. फोन इंजिनापाशी धर."

"टकटक येऊन राह्यली. मागं घे."
घेतलं, केसभर.
"अजून येते."
अजून केसभर. इंजिन मरगळलं, जडावलं.
"येतेच." मग बराच वेळ काही नाही. मग,
"बाई, तिकडं कोणाचा कूलर चालू हाय काय?"
तोटेवारांचा. खिडकीतला. टाकी कोरडी, पंप टकटकतोय.
केतकी धावली. तोटेवार बनियनवर बाहेर आले,
कूलर बंद करून फाटकाशी उभे राहिले,
घाम पुसत, बघत.

डोमाजींनी एकदा सांगितलं होतं,
लहानपणी मागाच्या खड्ड्याशेजारी झोपायचे ते,
धोटा अडखळला की बाप ओरडायच्या आधी जाग यायची.
एवढंच सांगितलं होतं, नंतर चहाचे पैसे कोण देणार
यावर बोलणं गेलं.

"आता धर."
मी दोन्ही हातांनी फिरवते. केतकीने फोन धरलाय.
पुढे. इतकंसं. इंजिन वर येतं,
अजून इतकंसं, आणि त्याची थरथर
माझ्या मनगटातून कमी होत जाते.
फोनमध्ये काही नाही.
लाइन कटली वाटतं. हॅलो? डोमाजी?
"चूप."

तोटेवारही चूप.
पाखरं बल्बावर आपटतायत.

"कस बोल्ट. हात नोको हलू देऊ."
कसला.
"कसला?"
कसला.
"मंग बंद कर ना. पेट्रोल काय फुकट येते?"